माझा सुदामा राहिला

वामनबुवा केळशीकरांचं कीर्तन आमच्या घरी व्हावं म्हणून मी वर्षभर मागे लागले होते. बुवांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, व्हिसा अडकला, सुटला, तिकीट बदललं, आणि शेवटी एकदाचा शनिवार ठरला. आख्यानही मीच मागून घेतलं होतं, सुदाम्याचं. आणि नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या लेकीने एक जपानी किंकाळी घरात आणून ठेवली.

किंकाळीचं नाव मिहारु. वय चोविसेक, अंगाने काडी, केस एका बाजूने निळे. दारात उभी राहून तिने मला कमरेतून वाकून नमस्कार केला. मी 'ये, ये' म्हटलं, तर पुन्हा वाकली. पाणी दिलं, वाकली. शेवटी मी स्वयंपाकघरात निघून गेले, म्हटलं, हिची कंबर तरी सुटेल.

"आई, शी विल स्टे विथ अस. जस्ट टिल द शो," इरा म्हणाली. "हॉटेलच्या एसीने तिचा थ्रोट गेलाय."

"शो कधी आहे?"

"नेक्स्ट फ्रायडे. आय टोल्ड यू."

"म्हणजे शनिवारी कीर्तनाला ही घरातच?"

"आई, प्लीज. नॉट नाऊ."

इरा इथेच अबू धाबीत वाढली. मराठी तिला सगळं कळतं, अगदी मी दबक्या आवाजात बोललेलंसुद्धा. उत्तर मात्र इंग्रजीत. लहानपणी जपानी कार्टून पाहून वेड लागलं, मग दोन वर्षं ओसाकाला जाऊन ती भाषा शिकून आली. जपानी माणसाशी ती इतकं गोड, हातवारे करत बोलते की मला हेवा वाटतो. आईच्या वाट्याला तेवढी इंग्रजी आली.

आता दुबईत एका कार्यक्रम करणाऱ्या कंपनीत ती नोकरीला आहे, आणि गेले चार महिने 'तेत्सुबोतान' या नावाचा एक हेवी मेटलवाला बँड तिच्या डोक्यावर बसला होता. जपानात त्यांचं नाव मोठं. पण त्यांच्या कंपनीला आता इंग्लंड, जर्मनी, अमेरिका इथले श्रोते हवे होते. इथे अमिरातीत ही सगळी माणसं नोकरीनिमित्त आयती जमलेली. म्हणून परीक्षा दुबईत. लंडनहून गॅरेथ नावाचे एक गृहस्थ परीक्षक म्हणून आले होते. इथल्या गोऱ्या श्रोत्यांनी बँडला उचलून धरलं तर वसंतात युरोपचा दौरा, नाहीतर मंडळी परत ओसाकाला. आणि दौरा झाला तर इरा बरोबर जाणार, कारण जपानी गाण्यांना इंग्रजी शब्द तिने दिले होते. गॅरेथनी तसं कबूलच केलं होतं: शब्द चालले, तर शब्द लिहिणारी आमच्याबरोबर.

तिला ते किती हवं होतं ते मला दिसत होतं. नखं कुरतडून बोटं लाल. जेवताना फोन उलटा ठेवायची आणि दर घासाला सुलटा करून बघायची. एवढं तिने काही मागितलेलं मला आठवत नाही. मांजरसुद्धा नाही, आणि मांजरासाठी ती एक अख्खी उन्हाळी सुट्टी माझ्याशी बोलली नव्हती.

पण ते शब्द! मिहारु बाथरूममध्ये दार लावून तालीम करायची, आणि आमच्या व्हिलात भिंती नावालाच आहेत. 'वी आर द चिल्ड्रन ऑफ फायर, वी विल नेव्हर फॉल.' सकाळी तेच, दुपारी तेच. पोळ्या लाटताना माझ्याही तोंडात बसलं. रुवैसहून आमच्या ह्यांचा फोन आला तर मी "हॅलो"च्या जागी आगीची लेकरं म्हणणार होते.

"इरा, ही असं का गाते गं? विमानतळावर बाई सांगते ना, गेट बदललंय म्हणून, तसं."

"तिचा ॲक्सेंट परफेक्ट आहे, आई. वी वर्क्ड सो हार्ड."

"उच्चार नाही म्हणत मी. आत काही नाहीये असं वाटतं."

"यू डोंट अंडरस्टँड मेटल."

"मेटल नाही कळत. घोकलेलं कळतं."

तिने फोन घेतला आणि गॅलरीत गेली. मी पण कणीक अशी काही तिंबली की विचारू नका. मिहारु बाथरूमच्या दारातून डोकावली, आमच्या दोघींकडे पाहिलं आणि, अर्थात, वाकली.

तरी मी तिला ज्येष्ठमध चघळायला दिला, रात्री हळद-दूध दिलं. गळा तो गळाच, त्यातून काही का निघेना. चार दिवसांत आवाज मोकळा झाला. त्याचे परिणाम शनिवारी भोगले.

शनिवारी दुपारी ह्यांनी बुवांना विमानतळावरून आणलं. राजन, म्हणजे आमचे हे, आठवडाभर रुवैसला रिफायनरीत असतात. तिथे बोलायला माणूस नाही, म्हणून सुट्टीत घरी आले की आठवड्याचं सगळं बोलून घेतात. बुवांना चहा देता देता त्यांनी सांगून टाकलं, "बुवा, आमच्याकडे सध्या जपानची मोठी गायिका उतरलीय बरं का. हजारो श्रोते असतात. उभी राहून गाते, कथा सांगते, नाचते. तिकडची कीर्तनकारच म्हणा ना!"

"अरे वा," बुवा म्हणाले. "परंपरा कोणती त्यांची?"

"लोखंडाची," हे म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसले. मी आतून ऐकलं, पण गाठोडं बांधण्यात गुंतले होते म्हणून बाहेर आले नाही. तेव्हाच आले असते तर पुढचं सगळं टळलं असतं.

गाठोडं म्हणजे सुदाम्याचे पोहे. जुन्या खणाच्या तुकड्यात मूठ-मूठ पोहे बांधून मी ते पेटीच्या शेजारी ठेवलं होतं. बुवा सुदाम्याचं आख्यान लावतात तेव्हा देव पोहे हिसकावून घेतात त्या जागी खरंच गाठोडं हातात घेतात, आणि सोडायच्या आधी नुसते थांबतात. बोलत नाहीत, गात नाहीत. मी पुण्यात असताना एकदा ते ऐकलंय. हॉलमध्ये श्वास ऐकू येत होता. ते थांबणं पुन्हा एकदा समोर बसून ऐकायचं, एवढीच माझी वर्षभराची हाव.

संध्याकाळी मगरिबची अजान झाली आणि माणसं जमली. सोफे अंगणात, घरभर सतरंज्या. तबल्यावर आपला सुजीत, मुसाफ्फामध्ये इंजिनियर आहे तो, पेटीवर बुवांबरोबर आलेले गृहस्थ, झांज माझ्याकडे. हे हार घेऊन आले आणि मोठ्याने म्हणाले, "पस्तीस दिरहम! म्हणजे आठशे रुपये, एका हाराला!" बुवांनी ऐकलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

एरवी कीर्तन सुरू झालं की इरा खोलीत जाऊन कानाला हेडफोन लावते. लहान असताना मात्र जे कुणी बुवा येतील त्यांच्या मागे उभी राहून झील धरायची. बुवा ओळ सोडायचे ती मागच्यांनी उचलायची, तेव्हा हिचा आवाज सगळ्यांच्या वर. शाळेतल्या मैत्रिणींनी एकदा पाहिलं आणि चिडवलं, तेव्हापासून बंद. पण त्या दिवशी सुटका नव्हती. मिहारु सतरंजीवर पहिल्या रांगेत गुडघे दुमडून ताठ बसली आणि प्रत्येक वाक्याला इराकडे वळून 'म्हणजे काय?' असं बघायला लागली. मग इरा तिच्या कानाशी लागून कुजबुजत जपानीत सांगायची. माझ्या डाव्या कानात पूर्वरंग आणि उजव्या कानात जपान. नमन संपेपर्यंत मी दोनदा डोळे वटारले. बुवा मात्र प्रसन्न. एक कानडी पद घेतलं त्यांनी, त्यातलं अक्षर कुणाला कळत नव्हतं. आधी दोन वाक्यांत कुठली जागा आहे ते सांगितलं, मग गायलं, मग परत थोडं सांगितलं. मिहारु पुढे सरकून बसली.

पूर्वरंग संपला. मध्यंतरात मी बुवांना हार घातला, बुक्का लावला. आता बुवा घोटभर पाणी पिणार आणि उत्तररंगाला, म्हणजे माझ्या सुदाम्याला, उभे राहणार. मी गाठोडं जरा पुढे सरकवलं.

बुवांनी इकडे तिकडे पाहिलं. "त्या जपानच्या ताई कुठे आहेत? राजनराव सांगत होते."

आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी आपल्या गळ्यातला हार काढून तिच्या गळ्यात घातला, आणि स्वतः खाली बसले.

आता हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. दोन-चार कीर्तनकार एका ठिकाणी जमले की कधी कधी एकच कीर्तन वाटून करतात. एकजण आपला हार दुसऱ्याला घालतो आणि बसतो. ज्याच्या गळ्यात हार पडला त्याने उभं राहायचं आणि पुढचं म्हणायचं. तो मोठा मान आहे. नाही म्हणायची पद्धत नाही. बुवांनी आपल्याकडून जपानच्या परंपरेचा मान राखला होता.

इराने मिहारुला ते समजावून सांगितलं. मी लांबून हातानेच खूण केली, नाही म्हणून सांग. मिहारुने एकच काहीतरी विचारलं.

"आई, ती विचारतेय हा रूल आहे का."

"नाही म्हण!"

"बट इट इज द रूल! आय कान्ट लाय टू हर!"

नियम आहे म्हटल्यावर ती मुलगी उभी राहिली. बुवांना वाकून, तबल्याला वाकून, देव्हाऱ्याला वाकून. मग डोळे मिटले आणि जपानीत सुरुवात केली. सुरुवात इतकी हळू, अंगाईसारखी, की सुजीतने आपोआप ठेका धरला. मी म्हटलं, चला, निभावलं.

आणि मग तिने तोंड उघडलं.

काय सांगू तुम्हाला. शोकेसमधल्या काचा थरथरल्या. सुजीतचा हात तबल्यावर चढला तो चढलाच. पुढच्या रांगेतल्या बायकांनी कान झाकले, मागच्या रांगेतल्या उठून बघायला लागल्या. तो आवाज गळ्यातून येतच नव्हता, कुठून तरी जमिनीखालून येत होता. माझ्या देव्हाऱ्यासमोर, माझ्या सुदाम्याच्या जागी! ज्येष्ठमध मी दिला होता, हे राहून राहून आठवत होतं. दार वाजलं. शेजारच्या व्हिलातल्या मैमुनाबी, ओढणी अर्धी डोक्यावर, धापा टाकत.

"सुहासिनी बाजी, सब खैरियत? कौन गया?"

"कोई नहीं गया. जपानी गाना है."

"या अल्लाह. गाना?" त्या दारातच बसल्या आणि मग गेल्याच नाहीत.

गाणं थांबलं. बुवांनी उपरण्याने कपाळ पुसलं आणि शांतपणे म्हणाले, "छान. आता निरूपण. कशाचं पद हे?"

मिहारुने इराकडे पाहिलं. इरा उठली. "सो, धिस साँग इज बेसिकली अबाउट..."

"मला इंग्रजी बेताचं आहे बाळ. मराठीत सांग."

इराचा चेहरा पडला. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलंच नाही. रागच तेवढा आला होता. मग ती अडखळत सुरू झाली.

"हिचं गाव... समुद्राजवळ होतं. तिथे रस्त्यात उंच खांबावर लाउडस्पीकर असतात. रोज पाच वाजता एक ट्यून वाजते. म्हणजे, मुलांनो, खेळ पुरे, आता घरी जा. रोज. सगळ्या गावात." ती थांबली. शब्द शोधत होती. मी कधी तिला मराठी शब्द शोधताना पाहिलं नव्हतं. "मग एक दिवस समुद्र आत आला. ही अकरा वर्षांची होती. शाळा टेकडीवर होती म्हणून वाचली. नंतर दुसऱ्या गावी नेलं. आणि एकदा परत आणलं, बघायला. काहीच नव्हतं. पण खांब उंच, म्हणून एक स्पीकर राहिला होता. पाच वाजले आणि तो वाजला. घरी जा."

बुवा थोडे पुढे सरकून बसले.

"ती ओरडते ना," इरा हळूच म्हणाली, "तो स्पीकर आहे. आणि मध्ये एक शब्द येतो, ओकाएरि. तो म्हणजे... कुणी घरी आलं की आतून म्हणतात तो. आई, तू म्हणतेस बघ. मी ऑफिसातून आले की."

"आलीस का गं," मी म्हटलं.

"हां. ते."

मैमुनाबींना मराठी किती कळलं देव जाणे, त्यांनी ओढणी डोळ्यांना लावली होती. बुवा म्हणाले, "ताई, पुन्हा म्हणा. झील धरू आम्ही." मिहारुने पुन्हा गायलं, आणि जिथे 'ओकाएरि' आलं तिथे इराने ते मागून उचललं, लहानपणी उचलायची तसंच, सगळ्यांच्या वर. मग काय, कीर्तनाला बसणारी माणसं ती. ओळ सुटली की उचलायची सवय. सगळं घर 'ओकाएरि' म्हणायला लागलं. मी रागावले होते तरी झांज वाजतच होती. हाताला काय कळतंय.

त्यानंतर बुवा उभे राहिले, हार परत घेतला, आणि सुदामा बाजूला ठेवून ध्रुवाचं आख्यान लावलं. पाच वर्षांचं पोर घर सोडून गेलं आणि सुनीती उंबऱ्यात उभी राहिली, तिथे ते इतका वेळ रेंगाळले की बायकांचे पदर ओले झाले. माझाही झाला, खोटं कशाला सांगू. पण गाठोडं पेटीशेजारी तसंच होतं, आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानाने बुवा गेले.

रविवारी इरा ताटावर नुसती बसून होती.

"आई, ते इंग्रजी साँग आहे ना. त्यात हे काहीच नाहीये. गॅरेथला स्ट्राँग वर्ड्स हवे होते. मी दिले."

"मग काढून टाक."

"काढले तर मी कशाला लागेन त्यांना? आय ॲम द वर्ड्स, आई."

"मग राहा घरी! कोण म्हणतंय जा म्हणून?"

तोंडातून निघून गेलं. तिने ताट सरकवलं. "यू नेव्हर वॉन्टेड मी टू गो. फाईन. नथिंग चेंजेस." आणि आठवडाभर बाथरूममधून तीच आगीची लेकरं. मिहारु सांगतील ते म्हणत होती. हे पुन्हा रुवैसला निघून गेले होते, म्हणजे आता घरात तीन बायका आणि बोलणारं कुणी नाही.

शुक्रवारी हे दुपारीच निघून आले आणि आम्ही दुबईला गेलो. हॉल मोठा, खुर्च्या नाहीत. "यल्ला, यल्ला," म्हणत दारावरचा माणूस सगळ्यांना आत ढकलत होता. काळे टी-शर्ट घातलेले उंच उंच गोरे लोक. कुणी शाळेत शिकवणारे, कुणी तेल कंपन्यांतले. मी झेंडूच्या रंगाची साडी नेसले होते. एका दाढीवाल्याने मला पुढे कठड्यापाशी जागा करून दिली आणि कानात घालायला कापसाचे बोळे दिले. सज्जन माणूस. स्टेजच्या कडेला, पडद्याआड अर्धी, इरा उभी दिसत होती. तिच्यामागे निळ्या कोटातले गॅरेथ, हाताची घडी घालून.

पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. वादन म्हणाल तर छातीत धडकत होतं, आणि पोरं नुसती घामाघूम. पण मिहारु गेट बदलल्याचं सांगत होती. श्रोते सरळ होते, टाळ्या देत होते. हळूहळू मात्र हातातले फोन उजळायला लागले. तिसऱ्या गाण्याला मागची माणसं पेयांच्या काउंटरकडे सरकली. मी आयुष्यभर कीर्तनाला बसलेय. श्रोते उठायला लागले की माझा हात झांज शोधतो, मग समोर कुणी का असेना. मी इराकडे पाहिलं. ती नखं खात होती.

"हिचं काही खरं नाही," हे माझ्या कानात ओरडले.

"गप्प बसा हो तुम्ही. तुमच्यामुळेच झालंय सगळं."

"माझ्यामुळे?"

तेवढ्यात वाद्यं थांबली. आता आगीच्या लेकरांचं गाणं होतं. मिहारु माइकपाशी आली, आणि काहीच म्हणाली नाही. वळली. चालत कडेला गेली, गळ्यातला घामाचा पांढरा टॉवेल काढला आणि इराच्या गळ्यात घातला. मग परत येऊन, ड्रमच्या पायरीवर, गुडघे दुमडून, ताठ बसली.

त्या हजारभर माणसांत त्याचा अर्थ कळलेली माणसं तिघं. इरा, मी आणि हे. ह्यांनी माझं मनगट धरलं.

इरा मान हलवत होती, नाही, नाही. गॅरेथ पुढे वाकून तिला काहीतरी विचारत होते. मिहारु बसूनच. ड्रमवाला बावचळून तिच्याकडे बघतोय, हॉलमधली माणसं एकमेकांकडे बघतायत. मी कठड्यावरून जीव तोडून ओरडले, "इरा! नाही म्हणायची पद्धत नाही!"

ऐकू गेलं की नाही माहीत नाही. पण ती आली. गळ्यात तो ओला टॉवेल, हातात माइक.

"मी या गाण्याला इंग्रजी शब्द लिहिलेत," ती इंग्रजीत म्हणाली. "ते या गाण्याचे शब्द नाहीत. सॉरी."

गॅरेथनी कपाळाला हात लावला.

मग तिने सांगितलं. खांब, स्पीकर, पाच वाजताची ट्यून. साधं इंग्रजी, मलाही सगळं कळावं इतकं. घाई नाही. हात असा पुढे, तळवा वर. तो हात मी ओळखला, बुवांचा होता. समुद्र आत आला म्हणाली तेव्हा काउंटरकडे निघालेली माणसं जागच्या जागी उभी राहिली. पाच वाजले म्हणाली. स्पीकर वाजला म्हणाली. आणि थांबली.

नुसती थांबली.

मग तिने ओकाएरि शब्द सांगितला, आम्हाला सांगितला तसाच, म्हणाली, "माझी आई हे रोज म्हणते, आणि मी कधी उत्तर देत नाही." आणि मागे सरकली.

मिहारु उठली. पुढचं काय सांगायचं. ती जपानीत ओरडली आणि कुणी कान झाकले नाहीत, मीसुद्धा बोळे काढून टाकले. शब्द आला तिथे इराने झील धरली. पहिल्यांदा एकटीने. दुसऱ्यांदा मी आणि हे. तिसऱ्यांदा तो दाढीवाला, आणि मग अख्खा हॉल, मुठी वर करून, 'ओकाएरि'. एवढे दांडगे लोक, डोळे पुसत उड्या मारत होते. माझा पदर कुणाच्या तरी पायाखाली होता.

कार्यक्रमानंतर आम्ही मागच्या खोलीत गेलो तेव्हा गॅरेथ भिंतीला टेकून उभे होते. रागावलेले नव्हते, दमलेले होते.

"बँड युरोपला जातोय," ते म्हणाले. "जपानीतच गातील. ते मला आज कळलं. पण मग इरा, इंग्रजी शब्द नकोत. ती जागाच उरत नाही. आय ॲम सॉरी."

इराने मान डोलावली. गळ्यातला टॉवेल तसाच. मिहारुने तिला विचारलं, काय म्हणाले? इराने सांगितलं. तेव्हा मिहारु गॅरेथकडे वळली आणि बोलायला लागली. मी त्या मुलीला एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. बोट एकदा इराकडे, एकदा टॉवेलकडे, एकदा चक्क माझ्याकडे. बराच वेळ. संपल्यावर वाकली.

"व्हॉट डिड शी से?" गॅरेथनी विचारलं.

इरा लाल झाली. "शी सेज... थँक यू फॉर एव्हरीथिंग."

मला जपानी येत नाही. पण मी काय बहिरी आहे? "इरा! ती एवढं घडाघडा बोलली आणि तू दोन शब्दांत उरकतेस? नीट सांग! काल-परवापर्यंत हेच केलंस ना तू त्या गाण्याचं?"

"आई, ती माझ्याबद्दल बोललीय. मी कसं सांगू?"

"जसं बोललीय तसं सांग. तू मध्ये कोण?"

गॅरेथना मराठी काय कळणार, पण ते भुवया उंचावून बघत राहिले. इराने जमिनीकडे पाहत सगळं सांगितलं. की मिहारु म्हणतेय, इतकी वर्षं लोक तिची किंकाळी ऐकायला येतात, ती कुणाला मारते आहे असं त्यांना वाटतं. आज पहिल्यांदा ती कुणाला तरी बोलावतेय हे कळलं. या मुलीच्या घरी एक नियम आहे, गाणाऱ्याने मध्ये बसायचं आणि हार दुसऱ्याला द्यायचा. मला तो नियम हवा आहे. ही नसेल तर मी टॉवेल कुणाच्या गळ्यात घालू?

शेवटचं वाक्य सांगताना इराचा आवाज फुटला.

गॅरेथनी इराच्या गळ्यातल्या टॉवेलकडे पाहिलं. मग म्हणाले, "रोज रात्री, नवीन गावात, हे जमेल तुला?"

"इन्शाल्ला," इरा म्हणाली, आणि रडत रडत हसली.

आता ती जर्मनीत आहे. जाताना सामानाचं वजन जास्त झालं तेव्हा तिने बूट काढले, पण खणाचं गाठोडं ठेवलं. "ते कशाला नेतेस? जुने झाले पोहे," मी म्हटलं. "लागेल मला," म्हणाली. काही सांगेल तर शपथ.

काल संध्याकाळी मी दिवा लावून, बुवांचं एक जुनं कीर्तन फोनवर लावून बसले होते. सुदामाच. द्वारपाळांनी अडवलं, देव धावत आले, मिठी झाली, आणि देवांची नजर गाठोड्याकडे गेली. बुवा थांबले.

आणि फोन वाजला. कीर्तन गायब, इराचं नाव.

"आई, ऐक ना. उद्या हॅम्बुर्गमध्ये एक नवीन गाणं आहे, त्यात गाठोडं दाखवायचंय. बुवा ते गाठोडं हातात घेतात म्हणतेस ना, तेव्हा किती वेळ थांबतात गं? लोकांना कंटाळा येईपर्यंत की त्याच्या आधी?"

सगळं मराठीत. एक इंग्रजी शब्द नाही. आणि वेळ कुठली निवडली बघा!

"तेच ऐकत होते मी," मी म्हटलं. "तुझा फोन आला आणि राहिलं."

"मग परत लाव ना. मी थांबते. दोघी ऐकू."

मग काय करते, ह्यांचा फोन मागून घेतला, पहिल्यापासून लावलं. द्वारपाळांपर्यंतच आलो होतो, आणि मध्येच ती विचारते, "आई, द्वारपाळ म्हणजे सिक्युरिटी ना?"